प्लॉटातली येळवस

"आई, त्या फार्महाऊसवर रेनडान्स हाय. डीजे हाय. बसायला उंट हाय. आन् तू आम्हाला प्लॉटात घेऊन चाललीस!"

शिवांगी रिक्षात बसायला तयार नव्हती. धाकटी तनुजा मात्र केव्हाच आत शिरून आंबिलीच्या बिंदग्याला, त्या छोट्या घागरीला, मिठी मारून बसली होती.

"त्या उंटाला इचार, त्याला तरी येळवस कळती का," सिंधू म्हणाली. "बस गुमान. भज्जी निवून चालली."

वैजनाथनं रिक्षा चालू केली. "सिंधे, पुढच्या साली तू बी उंट आण. भाडं मी मारतो त्याच्यावर."

शिवांगी हसू दाबत आत बसली.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आली की लातूर ओस पडतं. शटरं खाली, रस्ते मोकळे, कर्फ्यू लागल्यागत. सगळं शहर लेकराबाळांना घेऊन शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतो. लातूरकर हे छाती फुगवून सांगतात आणि ते खोटं नाही. आधी कोण बसतं आणि मागून कोण, तेवढं मात्र कुणी सांगत नाही.

सिंधूला ते ठाऊक होतं. तिचे वडील, भुजंग आबा, जन्मभर ईश्वरप्पांच्या शेतात सालगडी. येळवशीला कडब्याची खोपटीसारखी कोप उभी करायची आबांनी, पाच पांडवांच्या दगडांना चुना लावायचा आबांनी, लिंबाला झोका बांधायचा आबांनी. पूजा झाली की ईश्वरप्पा हातात डहाळी घेऊन पुढं चालायचे, धुऱ्यानं, शेताच्या बांधाबांधानं, रानभर आंबील शिंपडत. बिंदगं डोक्यावर घेऊन मागं आबा. मग पंगती. मालकाची, पाहुण्यांची, पाहुण्यांच्या ड्रायव्हरांची. सगळे ढेकर देऊन उठले की बांधापलीकडं सालगड्याचं घर बसायचं. डाळीच्या पिठात शिजवलेली दाण्या-पाल्याची भज्जी, तीही गार, आणि खिरीची खरवड. दिवसभर सिंधू मालकाच्या नातवंडांना झोके द्यायची. तिची पाळी येईपर्यंत दोर सुटलेला असायचा.

पुढं ईश्वरप्पांच्या पोरांनी शेत विकलं. त्याचे प्लॉट पडले. काळ्या रानात मुरमाचे रस्ते आले, विजेचे खांब आले, आणि होती ती झाडं तोडून झाल्यावर कमानीवर 'हरितनगरी' असं लिहिलं. सिंधू क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्या त्या पोरांना तिचं नाव माहीत नाही. तिच्या पोळ्यांवर आणि वैजनाथच्या रिक्षावर त्या रानातला एक कोपऱ्यातला प्लॉट त्यांचा झाला. शेजाऱ्यांनी पाया खोदला. सिंधूनं ज्वारी पेरली आणि कडेनं हरभरा.

लोक हसले. हसणाऱ्यांतले निम्मे आज तिकीट काढून दुसऱ्याच्या फार्महाऊसवर येळवस करायला गेले होते.

रिक्षा पोहोचली तेव्हा कोप उभी होती. चुन्यात न्हालेले पांडव आत बसले होते. ले-आउटच्या कडेला वाचलेल्या एकुलत्या लिंबाला झोका बांधलेला होता. आबा मात्र प्लॉटाच्या कोपऱ्यातल्या दगडाबाहेर उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका.

"आबा, भाईर कामून उभारलाव? आत बसा की सतरंजीवर."

"बसतो. येऊ दे त्यांला."

"कुणाला?"

आबांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, "मालकाला."

सिंधूच्या हातातली परात दणकन खाली आली. "तुमी बोलावलं? मला न इचारता?"

"त्यांचं बी शेत ऱ्हायलं न्हाई आता. फ्लॅटात बसून ऱ्हायलेत. येळवशीला मानूस घरात बसतंय व्हय?" आबा पांडवांकडं वळले. "आन् मालकाबिगर पूजा कशी करू, पोरी?"

फ्लॅटात बसलेल्या माणसाचं तिला पटलं. पूजेचं ऐकून ती पेटली.

वैजनाथ हळूच म्हणाला, "येऊ दे की. आल्या मानसाला जेवू घालायचं, तीच तर येळवस."

"जेवू घालीन. पोटभर घालीन. पर आज पयलं पान माझ्या बापाचं. न्हाईतर ह्या ज्वारीला मीच आग लावते."

ईश्वरप्पा आले ते नातवाच्या स्कूटीवर मागं बसून. त्यांना उतरवून नातू फार्महाऊसकडं पळाला. ईश्वरप्पांनी टोपी सारखी केली आणि त्या इवल्या रानाकडं बघत उभे राहिले.

"या सावकार," सिंधू म्हणाली.

ते आत आले. "भुजंगा, पांडवाची तोंडं उगवतीला केलीस का?"

"केली की मालक." बोलता बोलता आबांची पाठ आपोआप वाकली.

पूजा झाली. खिरीचा, भज्जीचा, बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवला. आणि मग ते घडलं. ईश्वरप्पांचा हात डहाळीकडं गेला. त्याच घटकेला आबा गुडघे मोडून चुंबळ शोधू लागले. कुणाच्याच मनात पाप नव्हतं. दोन म्हातारी शरीरं जन्मभराच्या वळणानं चालली होती. सिंधूला राग आला तो त्या वळणाचाच.

तिनं डहाळी आधी उचलली.

"सावकार, हे रान माझं हाय. एवढंसं हाय, पर माझं हाय. आज म्होरं माझा बाप चालंल."

ईश्वरप्पांचा हात तसाच हवेत राहिला. आबा पुटपुटले, "सिंधे, आगं..."

"धरा, आबा."

आबांनी डहाळी धरली.

"मग बिंदगं कोन घेणार?" वैजनाथनं विचारलं.

"मी!" शिवांगी झोक्यावरून उडी मारून आली. चुंबळ तिनं स्वतःच डोक्यावर ठेवली. सिंधूनं बिंदग्यातली निम्मी आंबील पातेल्यात ओतली आणि बिंदगं उचललं, तर दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात लागला. ईश्वरप्पांचा. दोघांनी मिळून ते पोरीच्या डोक्यावर ठेवलं.

"मान ताठ ठिव, बाळ," ते म्हणाले. "भुजंगा कधी एक थेंब सांडत नव्हता."

आबा दगडापाशी गेले. डहाळी आंबिलीत बुडवली. पण तोंडातून शब्द निघेना. शिंपडताना जुनी हाळी असते: पुढचा माणूस 'ओलगे ओलगे' म्हणतो, मागचा 'सालम पोलगे'. आबांनी आयुष्यभर मागचंच म्हटलं होतं. पुढचं त्यांच्या गळ्याला माहीत नव्हतं.

"म्हणा की आजोबा," शिवांगी म्हणाली.

आबांनी खाकरून घसा मोकळा केला. "ओलगे ओलगे!"

"सालम पोलगे!" मागून शिवांगी.

दुसऱ्यांदा आवाज चढला. तिसऱ्यांदा लिंबावरची साळुंकी उडाली. पत्र्यासारखा खणखणीत आवाज होता आबांचा. सिंधूनं तो आजवर कधी ऐकलाच नव्हता.

प्लॉट तो केवढा! फेरा लगेच संपला. पण आबा थांबले नाहीत. कोपऱ्याचा दगड ओलांडून ते पुढं निघाले, शेजाऱ्याच्या घरासाठी खोदलेल्या चरांतून, मुरमाच्या रस्त्यावरून, विजेच्या खांबाला वळसा घालून. जिथं आता काहीच खूण नव्हती, तिथं त्यांच्या पायांना जुना धुरा बरोबर सापडत होता. मागं मान ताठ धरून शिवांगी.

"आबा, आपलं हितंच..." वैजनाथ ओरडायला गेला. सिंधूनं त्याचा दंड धरला.

"चालू दे त्यांला."

कंबरेवर हात ठेवून ती बघत राहिली. तनुजा झोक्यावर उंच जात होती आणि आज दोर सोडणारं कुणी नव्हतं. हाळी लांब लांब जात बारीक झाली, तरी ऐकू येत होती.

सतरंजीवर ईश्वरप्पा पत्रावळ समोर घेऊन बसले होते. वैजनाथनं भज्जीचं पातेलं उचललं. "सावकारांना वाढू का गं?"

"आबा आल्यावर."

ईश्वरप्पांनी ऐकलं.

"हाव," ते म्हणाले. "येऊ दे भुजंगाला. धुरा लई लांब हाय."

मग पत्रावळ वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर एक ढेकूळ ठेवलं, शेजारच्या रिकाम्या पत्रावळीवर दुसरं ठेवलं, आणि आबा गेले होते त्या बाजूला तोंड करून बसून राहिले.