खिशातली तेलाची कुपी

आमचे हे तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करतात. एवढ्या गोंगाटात एखादी मशीन टाके सोडायला लागली तरी यांना लांबून कळतं. शिवणारीने हाक मारायच्या आत हे तेलाची कुपी घेऊन हजर. कारखान्यात त्याचं भारी कौतुक. घरात याच सवयीने माझ्या नाकी नऊ आले आहेत. माझं डोकं ठणकतंय म्हटलं की हे कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालतात.

गेल्या वर्षी लेकीचं बाळ जन्मतःच गेलं. ती आमच्याकडे आली, स्वयंपाकघरात बसून रडली, आणि हे तिच्या बॅगेचं चाक उघडून बसले. दुसऱ्या दिवशी बाथरूमचा नळ काढला. तिसऱ्या दिवशी ती निघाली. "बाबांना माझ्यापेक्षा चाकाचं जास्त वाईट वाटलं," एवढंच म्हणाली. मग ती आलीच नाही. फोन करायची, तोही मलाच. हे आसपास घोटाळायचे, पण फोन घ्यायचे नाहीत.

मीच यांना मानसोपचाराच्या बाईंकडे धाडलं. धाडलं कसलं, ओढत नेलं. हे आत, मी बाहेर बाकावर. येताना हे जे सांगतील ते ऐकायचं. सुरुवातीला एकच पाढा, "बाई नुसत्या ऐकून घेतात गं. गोळी नाही, सल्ला नाही."

एके दिवशी मात्र तोंड फुगवून बाहेर आले. बाईंना सर्दी झाली होती. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले, आणि आमचे हे खुर्चीवर चढून त्यांच्या पंख्याला तेल घालायला लागले. मी कपाळावर हात मारला.

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'पंखा तर पहिल्या दिवसापासून कुरकुरतोय. आज मी डोळे पुसले तेव्हाच का उठलात?' आता याला काय उत्तर द्यायचं? मी नाही जाणार परत."

"नका जाऊ. लेकीला कळवते, पंख्याचं काम झालं, तुझं तू बघ." मला खरोखर राग आला होता.

पुढच्या आठवड्यात मुकाट्याने गेले. बाहेर आले ते बसस्टॉपवर थांबलेच नाहीत. आम्ही चालत निघालो आणि वाटेत त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. यांचा धाकटा भाऊ लहानपणीच तापाने गेला हे मला ठाऊक होतं. त्यानंतर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या, हे ठाऊक नव्हतं. एकदा घरातली शिलाई मशीन अडली. यांनी खटपट करून ती चालू केली. आवाज ऐकून आई उठली, मशीनवर बसली आणि यांचा फाटका शर्ट शिवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड.

"मग मीच स्क्रू ढिला करायचो," हे म्हणाले, "आणि परत आवळून मशीन चालवायचो. आवाज झाला की उठेल म्हणून."

"उठायच्या?"

"नाही गं." थोडं चालून म्हणाले, "बाईंनी विचारलं, 'तेव्हा तुम्हाला खरं काय करावंसं वाटायचं?' मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. पण भीती वाटायची."

मला सगळ्या बिजागऱ्या आठवल्या.

एवढ्यावर हे एका रात्रीत बदलले असं कोणी समजू नये. बरेच महिने जात राहिले, आणि मधे माझ्या मिक्सरचाही जीव घेतला. पण एका रविवारी स्वतःहून लेकीला फोन लावला. "ये," म्हणाले. "बॅगेला हात लावणार नाही."

ती आली. जेवणं झाली आणि तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिला रडू फुटलं. सिंकचा नळ नेमका ठिबकत होता. यांचा हात खिशाकडे गेला. झालं, आता उठणार, मी मनात म्हटलं. यांनी कुपी काढली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"बाळाचं नाव काय ठरवलं होतंस?"

तिने डोळे वर केले. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिने नाव सांगितलं. मग ती बोलतच राहिली.

माझेही डोळे भरून आले, म्हणून मी नळ घट्ट करायला उठले. यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाले. "बस इथे."