बारा घरची भाकरी

जिवंत माणसानं आपले कपडे मेलेल्याचे म्हणून अंगणात पसरायला द्यायचे, याला आमच्या गुरेझ गावात कुणी तयार होईना. ट्रेंचबाईंनी मला तिसऱ्यांदा विचारायला लावलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. गावप्रमुख वुक्सानच्या अंगणात वीस-बावीस माणसं बसली होती आणि जो तो आपली टोपी डोक्यावर आहे ना, ते चाचपून बघत होता.

"तुझ्या बाईला म्हणावं जरा दम धर," प्रेकच्या घरचा म्हातारा म्हणाला. "ह्या हिवाळ्यात मी जातोयच. मग नुसती टोपी कशापायी, आख्खा मीच घे म्हणावं."

अंगण हसलं. मी ते इटालियनमधून बाईंना सांगितलं. त्याही हसल्या आणि तेवढंही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाई इंग्लंडच्या. चाळिशी उलटलेली, लग्न नाही, आणि चालायला आमच्या बायांइतक्याच काटक. आमच्या डोंगरातल्या चालीरीती लिहून घ्यायच्या म्हणून हा त्यांचा दुसरा उन्हाळा. पाळणा कशानं झाकता, नवरी उंबरा कुठल्या पायानं ओलांडते, खुनाचा सूड मामावर चालतो की नाही, सगळं विचारायच्या. मी त्यांचा वाटाड्या आणि दुभाष्या. श्कोदर शहरातल्या पाद्र्यांनी चार वर्षं मला छडीखाली इटालियन शिकवलं होतं, ते असं कामाला आलं. माझा जन्म मात्र गुरेझचाच, आणि म्हणूनच त्यांना त्या गावी न्यायचं मी आदल्या उन्हाळ्यात टाळलं होतं. या उन्हाळ्यात त्यांनी कुणाकडून तरी प्रेंडाचं नाव ऐकलं, मग माझं काही चाललं नाही.

प्रेंडाकाकी म्हणजे चार गावांची रडणारी. मयत कुणाचंही असो, तिला बोलवायचं. ती मेलेल्याच्या उशाशी बसून त्याला हाक मारायची, त्याची एकेक गोष्ट आठवून सांगायची. ऐकताना दगडालाही पाझर फुटेल असं लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण मढं समोर नसताना तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. प्रेत हाती लागलं नसेल तर त्याचे कपडे अंगणात माणसासारखे मांडतात, वर टोपी ठेवतात, तेवढं चालतं. बाईंना ते रडणं लिहून घ्यायचं होतं आणि गावात त्या आठवड्यात कुणी मेलं नव्हतं. अडचण होती ती एवढीच.

बाई म्हणाल्या, माझीच हॅट ठेवा. मी सांगितल्यावर वुक्सान अदबीनं म्हणाला, "पाहुणीचा शब्द आमच्या डोक्यावर. पर बाईमाणसाचे कपडे असे मांडत न्हाईत."

हे सगळं चाललं होतं तेव्हा काकी भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती बाईंकडे बघत होती, बाईंच्या वहीकडे बघत होती, आणि मला घाम फुटला होता. कारण तिच्या मनात काय चाललं असेल ते त्या अंगणात प्रत्येकाला ठाऊक होतं, एका बाईंना सोडून.

काकीला एकच मुलगा होता. पाश्को. तो आणि मी एका वयाचे, एकाच कुरणात शेळ्या राखलेले. तो पाळण्यात होता तेव्हा त्याच्या बापाचा खून झाला होता. सात वर्षांपूर्वी एक परका माणूस वुक्सानकडे पाहुणा म्हणून उतरला. तोच त्याच्या बापाला मारणारा. त्यानं सांगितलेल्या नावावरून पाश्कोनं त्याला ओळखलं. दुसऱ्या दिवशी पाहुणा गावाची भाकरी खाऊन निघाला आणि आमच्या हद्दीत, झऱ्याच्या वळणावर, पाश्कोनं त्याला गोळी घातली. बापाचा सूड घेतला नसता तर लोकांनी त्याला कॉफीचा पेला गुडघ्याखालून दिला असता, नामर्द म्हणून. सूड घेतला तर गावाचा पाहुणा मेला. आमच्याकडे पाहुण्याला हात लावणाऱ्याला गाव जिवंत ठेवत नाही, मग तो कुणीही असो.

गुरेझची घरं तेव्हा तेरा. पाश्कोचं जाळलं, बारा उरली. बारा घरांतून बारा बंदुका निघाल्या आणि त्याच्यावर एकदमच झाडल्या, म्हणजे रक्त कुणा एकाच्या दाराशी येत नाही. आमच्या घरातून मी गेलो होतो. बाप म्हातारा होता, दुसरा पुरुष नव्हता. माझी गोळी त्याला लागली की नाही ते मला माहीत नाही. बारा जणांनी एकदम झाडायची ती त्याचसाठी, पण त्यानं झोप येते असं काही नाही.

असं गावानं मारलेल्या माणसासाठी रडायचं नसतं. त्याचं नावही घ्यायचं नसतं. काकीला खरं तर गावाबाहेरच घालवायचे, पण मग चार गावांच्या मयतीला रडणार कोण? म्हणून तिला ठेवून घेतली. राहायला गोठ्याची एक बाजू, आणि जेवायला बारा घरी पाळीपाळीनं मक्याची भाकरी. सात वर्षं ती ज्याच्या त्याच्या मुलासाठी रडली. आपल्या मुलाचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

आता ती भिंतीपासून उठली आणि मला म्हणाली, "बाईला सांग, मी रडते."

वुक्सान लगेच पुढं आला. माणूस वाईट नव्हता तो, पण गावाचं निशाण त्याच्या घरात होतं आणि मेलेला पाहुणाही त्याच्याच घरचा होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "प्रेंडा, कुनासाठी रडायचं ते तू ठरीव. पर त्ये नाव तोंडातनं निघालं, तर उद्यापासनं भाकरी बंद. मला पुन्हा बोलाय लावू नगं."

"नाव घेत न्हाई," काकी म्हणाली.

"ग्योन, तू ऐकलंस?" वुक्साननं मला विचारलं.

मी मान हलवली. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना सांगितलं की प्रमुख परवानगी देताहेत.

कपड्यांचा प्रश्न अजून तसाच होता. मी माझं जाकीट काढलं, जमिनीवर पसरलं, बाह्या दोन्हीकडे ओढून सरळ केल्या आणि वर टोपी ठेवली. आई हयात असती तर तिनं माझ्या थोबाडीत मारली असती. का केलं ते मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी तिथं पडायला हवं होतं, आणि माझ्याइतका त्या जागेचा हक्कदार दुसरा कोण होता?

काकी त्या जाकिटाच्या उशाशी बसली. डोक्यावरचा रुमाल तिनं सोडला. पांढरे केस खांद्यावर आले. मग गालावर हात ठेवून तिनं पहिली हाक मारली, आणि बायकांच्या बाजूला कुणाचं तरी सूत कातणं थांबलं.

बाईंची पद्धत अशी होती. एक ओळ झाली की त्या हात वर करायच्या, आमच्या भाषेतले शब्द कानाला आले तसे लिहायच्या, मोठ्यानं वाचून बरोबर आहे का ते विचारायच्या, आणि मग मी अर्थ सांगायचा. असं तोडून तोडून रडता येईल का, असं मला वाटलं होतं. काकीनं ते मानलं. ती थांबायची, वाट बघायची, बाईंची पेन्सिल थांबली की पुन्हा सुरू करायची. चाळीस वर्षं जे काम केलं, ते ती नीट करून देत होती.

"दूध उतू जातंय रं, सात वर्सं उतू जातंय, तू चुलीकडं बघंना."

बाईंनी ते वाचलं. मी अर्थ सांगितला.

"कुत्रं तुजं वळनावर बसून म्हातारं झालं, तू शीळ घालंना."

पाश्को डावरा होता. ओठाच्या कोपऱ्यातून शीळ घालायचा. त्याच्या शिळेला दोन टेकड्यांवरच्या शेळ्या वळायच्या. हे सगळं ती सांगत गेली, डावा हात, शीळ, भुवईवरची खोक. माझी टोपी समोर ठेवून ती त्याला हाक मारत होती. बायकांनी रुमाल तोंडाला लावले. पुरुष जमिनीकडे बघत होते. वुक्सान मात्र तिच्या ओठांकडे बघत होता, नाव निघतंय का म्हणून.

मग ती म्हणाली, "बारा घरची भाकरी मी खाल्ली, बारा घरचं शिसं तू खाल्लंस. माजं पोट भरंना, सोन्या. तुजं भरलं."

बाईंनी लिहिलं, वाचलं, आणि अर्थासाठी माझ्याकडे वळल्या. मला तो सांगता येईना. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या तोंडचं 'मी' आपल्या तोंडानं म्हणायचं असतं, आणि त्या बारा घरांत माझंही एक होतं. बाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मग सांगितलं. माझा आवाज फाटला होता. त्या इटालियन वाक्यानंतर त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, जाकिटाकडे बघितलं, आणि मग बसलेल्या पुरुषांकडे नजर फिरवली. ओठ हलताना दिसले. त्या मोजत असाव्यात.

रडणं संपलं. काकीनं रुमाल बांधला. ती दमली होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. सगळं सांगून झालं होतं आणि ज्याचं सांगितलं त्याचं नावच त्यात नव्हतं. आमच्याकडे रडण्यात नाव आलं नाही तर ते मेलेल्याला पोचत नाही, असं मानतात. ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

बाईंनी पान वर केलं. वरच्या बाजूला त्यांनी जागा सोडली होती. त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी? नाव काय लिहू?"

वुक्साननं मला विचारलं, बाई काय म्हणते. मी सांगितलं. तो म्हणाला, "सांग, कुनाचं न्हाई. नमुना हाय."

काकीनं मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. सात वर्षं मी तिची नजर चुकवत आलो होतो. गावात आलो की आमच्या पाळीच्या दिवशीही भाकरी तिच्या हातात माझी बहीणच द्यायची. त्या दिवशी मात्र मला मान वळवता आली नाही.

मी बाईंच्या कानाशी वाकलो आणि नाव सांगितलं.

बाईंनी ते लिहिलं. आणि मग, प्रत्येक ओळीला करत होत्या तसं, मान वर करून मोठ्यानं वाचलं.

"पाश्को देदा."

सात वर्षांत ते नाव गुरेझच्या हवेत नव्हतं. वुक्सान अर्धा उठला, त्याचा हात पट्ट्याकडे गेला आणि तसाच राहिला. समोर पाहुणी होती. त्याच्या चुलीपाशी झोपलेली, त्याच्या घरचं मीठ खाल्लेली. तिला गप्प बस म्हणायचं कोणत्या तोंडानं?

"बरोबर?" बाईंनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत काकी बोलली. "न्हाई. न्हाई आलं नीट. पुन्यांदा म्हनाय सांग."

मी सांगितलं. बाईंनी पुन्हा म्हटलं, सावकाश, जास्त स्पष्ट. यावेळी ते अगदी बरोबर होतं, श्कोदरच्या माणसालाही इतकं नीट जमलं नसतं.

"अजून न्हाई," काकी म्हणाली. "पुन्यांदा."

तिसऱ्या वेळी बायकांतली एकजण हुंदका देऊन उठली आणि घरात गेली. चौथ्या वेळी प्रेकच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तो त्या बारा जणांतला होता. वुक्सान म्हणाला, "प्रेंडा, पुरं झालं." ती म्हणाली, "मी काय केलं? मी नाव घेतलं का?" तो उठून घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याच्यामागं एकेक करून पुरुष उठले, मग बायका.

तिनं नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे तिची भाकरी उघडपणे कुणी बंद केली नाही. पण त्या हिवाळ्यात चार-पाच घरांना आपली पाळी आठवेनाशी झाली, आणि बर्फ वितळायच्या आत काकी गेली. तिच्यासाठी रडायला चार गावांत कुणी नव्हतं. हे मला पुढच्या मे महिन्यात बहिणीनं सांगितलं. माझा मला अजून राग येतो. नाव सांगितलं त्याचा नाही. सांगून दुसऱ्या दिवशी बाईंचं सामान खेचरावर चढवून निघून गेलो, त्याचा.

पण त्या दुपारी हे पुढचं काही कुणाला माहीत नव्हतं. रिकाम्या अंगणात आम्ही तिघंच उरलो होतो. काकी हात मांडीवर ठेवून बसली होती. डोळे मिटलेले, मान थोडी कलती. दूरवरून कुणी येतंय का, याचा कानोसा घ्यावा तशी.

"पुन्यांदा," ती म्हणाली.

बाईंनी मला हळूच विचारलं, "अजून चुकतंय का?"

"हो बाई," मी म्हटलं. "चुकतंय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली आणि पुन्हा ते नाव घेतलं.