उशिरा मारलेलं गंधक

सुनेचं नाक हे त्या घराचं भांडवल होतं आणि तिच्या पायातली बेडीही तेच. नवरा शहरात नोकरीला, आणि ती इथे सासऱ्यांच्या तळघरात वाइनच्या टाक्या हुंगत. तीन वर्षांपूर्वी तापात सासऱ्यांची वासाची जाण गेली. वास न येणारा वाइनवाला म्हणजे बहिरा गवईच की! "एक पीक नीट उतरू दे, मग माणूस ठेवतो, तू खुशाल जा," असं ते म्हणाले होते. पण दर हंगामात वाइनला सडक्या अंड्यांची घाण सुटायची. ती निस्तरताना सुनेच्या नाकी नऊ यायचे आणि जाणं पुढच्या वर्षावर पडायचं.

यंदा तिने आधीच बजावलं होतं. "बाबा, तोडणीआधी महिनाभर वेलींवर गंधक मारणं बंद. द्राक्षावर राहिलं की आंबताना त्याचीच घाण होते, फळाचा वास मरतो."

"अगं, हे केस काय उन्हात पांढरे झालेत?" सासरे म्हणाले होते.

आणि टाकी आंबायला लागली तर पुन्हा तोच वास. तिने पेल्यात थोडी वाइन घेतली, घासून लख्ख केलेलं तांब्याचं नाणं त्यात टाकून हलवलं. वास उतरला. तांब्याने उतरतो तो गंधकाचाच. ती तशीच मळ्यात गेली. वेलींवर मागे राहिलेल्या घडांना पिवळी पूड चिकटलेली होती, अगदी बोटाला लागेल इतकी ताजी. भुरीचा मात्र पानावर ठिपकाही नव्हता. रोगच नाही, तर औषध कशाला? मळ्यात फवारणी करणारा माणूस एकच होता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी तिने टाकीतून नवा पेला भरला. यात नाणं टाकलं नाही.

"बाबा, यंदा फक्कड जमलीय. घ्या चव. मी उद्याच्या गाडीने निघते."

सासऱ्यांनी पेला तोंडाशी नेला आणि मान झटकन मागे घेतली. "फक्कड कसली? केवढी घाण मारतेय!"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"कधीपासून येतोय वास?"

"ताप उतरला, त्याच हिवाळ्यात परत आला."

"आणि हे गंधक?"

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "तू जाशील म्हणून."

"तीन वर्षं, बाबा! माझा संसार टांगून ठेवलात तुम्ही!"

"जा तू, पोरी. आता कुठल्या तोंडाने थांब म्हणू?"

ते उठले. सवयीने टेबलावर दोन ताटं मांडली, मग एक उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.

वर खोलीत तिची बॅग भरून तयार होती. खोटं उघडं पडलं की दार उघडेल, असं तिने धरलं होतं. दार उघडलं आणि पाय उचलेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तिला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तिने खिशातलं नाणं काढून पेल्यात टाकलं.

"उद्या टाकी उपसून सगळी तांब्यावरून ओतावी लागेल," ती म्हणाली. "एकट्याने जमायचं नाही तुम्हाला."

सासऱ्यांनी फळीवरचं दुसरं ताट खाली काढलं.