श्वासाची जागा

नात आरशासमोर उभी राहून गात होती. ओळ संपत आली तसा तिचा चेहरा लालबुंद झाला, शेवटचा शब्द घशातच विरला आणि ती पलंगावर धपकन बसली.

"बघ, मला नाहीच जमत. मी बाईंना सांगते, माझी ओळ दुसऱ्या कुणाला तरी द्या."

शाळेच्या गायनवृंदात एकटीने म्हणायची एवढी एकच ओळ तिच्या वाट्याला आली होती. गाणं एका नामांकित गायकाचं. तो ऑपेराच्या तालमीत तयार झालेला. पण सिनेमातली साधीसुधी गाणीही तशाच उंच, भरदार आवाजात म्हणायचा. फोनवरच्या ध्वनिमुद्रणात ही लांबलचक ओळ तो एका दमात म्हणायचा.

"अगं, मध्ये श्वास घ्यावा," आजी म्हणाली.

"तो कुठे घेतो?"

आजीने जन्मभर शाळेत गाणं शिकवलं होतं. म्हणून दाखवावं, तर दम पुरेनासा झाल्यापासून तिने गाणंच सोडलं होतं.

तो गायक गावात येतोय हे कळताच तिने दुपारच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली, अगदी पुढची.

"आई, फोनवर ऐकू येतंच की," सून म्हणाली.

"ऐकू येतं गं. दिसत नाही."

गायक फोटोतल्यापेक्षा बराच जाड निघाला. तो पाणी प्यायला, त्याने कपाळ पुसलं आणि पहिलाच सूर असा लावला की खुर्चीचा हात आजीच्या तळहाताखाली थरथरला. एवढा आवाज एका माणसाच्या अंगात मावतो कसा, म्हणून नात आ वासून बघत राहिली.

मग ती ओळ आली. निम्म्यावर आल्यावर त्याने व्हायोलिनवाल्याकडे नुसतं पाहिलं. गज क्षणभर थांबला. गायकाची छाती वर आली, कोटाचं बटण ताणलं, आणि श्वास आत गेल्याचा आवाज पुढच्या रांगेला स्वच्छ ऐकू आला. मग उरलेली ओळ आली, आधीपेक्षाही मोकळी.

नातीने आजीचं मनगट घट्ट धरलं.

"आजी, त्याने घेतला."

"हो."

"सगळ्यांसमोर."

टाळ्या थांबल्या तरी आजी वाजवतच होती. शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलं, तेव्हा तिने डोळे पुसले आणि आणखी दोन वाजवल्या.

परतताना बसथांब्यावरच्या बाकड्यावर नातीने ओळ म्हणून पाहिली. मध्ये झटकन श्वास घेतला. शेवटचा शब्द पूर्ण आला. तिने तो उगाचच थोडा लांबवलाही.

"आता तू म्हण."

"मला कुठला गं दम आता."

"मग जास्त वेळा घे," नात म्हणाली. तिने आजीच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. "मी थांबीन ना."

आजीने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, पाठ सरळ केली आणि ओळ सुरू केली. बस आली, दार उघडलं, चालकाने एकदा दोघींकडे पाहिलं आणि बस निघून गेली. गुडघ्यावरची बोटं तेवढी अधूनमधून थांबत होती.