जुनैदचा रोजा, माझी एकादशी

वाळूजच्या एका कारखान्यात मी कँटीन चालवते. उपाशी माणूस मला बघवत नाय. खुलताबादचा जुनैद दुसऱ्या पाळीला नवीन लागला, अन् पहिल्याच दिवशी चारच्या नाष्ट्याला त्यानं चहासुद्धा घेतला नाय.

"रोजा हाय, सरूमावशी," तो म्हणाला.

उपवासच की, म्हणलं. तीस वर्षं एकादशी धरते मी, मला कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी चारला भरपूर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी त्याच्यापुढं ठेवली.

तो खिचडीकडं बघून हसला. "मावशी, दिवस बुडाल्याबिगर पाणीबी चालत नाय."

"असला कसला उपवास," मी चिडले. पण ताट उचललं नाय, वर झाकण घातलं. दिवस बुडाला तसा त्यानं आधी खजूर खाल्ला, मग ती गार खिचडी बोटं चाटून संपवली. पुढं महिनाभर त्याची खिचडी मी मावळतीलाच टाकायची, गरम.

ईद झाली. मग माझी एकादशी आली, अन् त्या दिवशी जुनैद कँटीनला फिरकलाच नाय. शोधत गेले तर गडी मशीनमागं, भिंतीकडं तोंड करून चोरावानी चहा पीत होता.

"इथं काय करतो रं?"

त्यानं कप पाठीमागं लपवला. "तुमचा उपवास हाय ना मावशी. तुमच्यासमोर कसं प्यावं?"

माझ्या हातात सकाळपासूनचा पाचवा चहा होता.