बिनतेलाचा बुश

लातूरच्या एमआयडीसीत भुजंगइतका स्वतःवर खूश माणूस शोधून सापडला नसता. शाफ्ट ज्यात फिरतो तो नायलॉनचा बुश तापवायचा आणि आतल्या अंगाला ग्राफाइटची भुकटी दाबून बसवायची, एवढीच त्याची करामत. पण सांगायचा असा, की चाकाचा शोधही यानंच लावला.

"शाफ्ट फिरला की भुकटीच घासून थर धरते. तेलाचा थेंब नको, अक्का!"

अक्का म्हणजे डाळमिलच्या मालकीण पार्वतम्मा. तेलाला डाळीचा भुसा चिकटतो, लगदा होतो आणि यंत्र अडतं, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यांनी डाळ वर चढवणाऱ्या एका एलिव्हेटरला खाली एक, वर एक असे दोन बुश बसवून घेतले.

"दिवाळीपर्यंत कोरडे चालले तर सगळ्या मिलची ऑर्डर. अडले तर तुझी भुकटी दाताला लाव."

ऑर्डर मिळालीच असं धरून भुजंगनं नवा प्रेस आणला, सासऱ्याला उद्घाटनाचं आवतणही धाडलं.

बुश मुकाट चालले. खंडेनवमीला मिल बंद, यंत्रांची पूजा. न बोलावता भुजंग नारळ घेऊन हजर. हळद-कुंकू, झेंडू झाल्यावर पिशवीतून तेलाची वाटी निघाली.

"हे काय करायलात, भुजंगराव?" केरबा मिस्त्री म्हणाला.

"शास्त्राला लागतं."

शास्त्राला बोटभर पुरतं. यानं अर्धी वाटी बुशात ओतली. कसली भक्ती! स्वतःच्या मालावरच भरवसा नव्हता. वरच्यालाही पाजलं असतं. पण शिडी पाहिली, स्वतःचं पोट पाहिलं आणि खालूनच हात जोडले.

दसरा झाला, मिल सुरू झाली आणि खालचा बुश अडला. केरबानं खोलला तर आत काळा लगदा.

"तुमच्याकडं भुसाच लई हाय, अक्का," भुजंग म्हणाला.

पार्वतम्मांनी लगद्याचा वास घेतला. "भुश्याला करडीच्या तेलाचा वास कधीपासून येतो रे?"

"ते... पूजेचं."

"केरबा, वरचा बघ."

केरबा वरून ओरडला, "कोरडाठाक हाय अक्का! मस्त फिरतोय!"

"तुझा बुश तुझ्यापरीस शहाणा हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. "ऑर्डर देते. पर माल टेम्पोनं धाड. तू दारात दिसू नको."

"मग बसवायला, अक्का?"

"केरबा बसवंल. तू घरी बसून पूजा कर."

प्रेसच्या उद्घाटनाला भुजंग सासऱ्याला पेढा देत समजावत होता, "एकाला मुद्दाम तेल घातलं, एकाला न्हाई. ह्याला तुलनात्मक चाचणी म्हणतात, मामा."