कंबरेची दोरी

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत टाकीत उतरण्याआधी सुरक्षेचा फॉर्म भरावा लागतो. रविवारी पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीच्या काठावर मी तो मनातच भरला.

प्रशिक्षण आहे का? ते माझ्या मित्राकडे, निरंजनकडे आहे. तरी पाण्याखालच्या भुयारात तो शिरला नाही. "माझा डायव्हिंगचा कोर्स उघड्या पाण्याचा आहे, नवनाथभावा. गुहेचा वेगळा असतो."

"किती समजूतदार आहे हा!" माझी होणारी बायको दिव्या म्हणाली. तिथंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, मीच शिरतो.

साधन योग्य आहे का? आगीच्या धुरात वापरायचा कंपनीचा मास्क आणि सिलिंडर मी उचलून आणला होता.

बाहेर माणूस आहे का? "ऐकत नाहीस, तर निदान दोरी बांध," म्हणत निरंजननंच टोक धरलं.

भुयारात गाळ उठला. काही दिसेना. मास्कमध्ये पाणी शिरलं. टाकीत 'बाहेर ओढा' म्हणून देतात तसे मी दोरीला तीन हिसके दिले.

त्यानं मला ओढून काढलं. मी काठावर खोकत पडलो होतो. दिव्या धावत आली आणि तिनं आधी निरंजनचे दोरीनं सोललेले तळवे ओढणीत धरले.

"माझ्याकडं पण बघ की," मी म्हणालो.

"बघायला उरलास, तो या हातांमुळं."